ग्राहींची पंगत : मेंदूतील संदेश नेमका कोठे पोहोचतो?

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात चेतापेशींचे जे चित्र असते, ते या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांनी कधी ना कधी वहीत काढलेले आहे. एका पेशीचे टोक, दुसरीचा काठ, मध्ये थोडी मोकळी जागा आणि त्या जागेतून पलीकडे जाणारे रासायनिक संदेशवाहकाचे ठिपके. पलीकडच्या काठावर ते ठिपके झेलण्यासाठी काही खुणा ओळीने मांडलेल्या असतात. त्या खुणा आम्ही ठिपक्यांच्या बरोबर समोर काढत आलो, कारण पुस्तकात त्या तशा होत्या. त्या तेथेच का असतात, त्यांना तेथे कोणी आणून बसविले, हा प्रश्न वर्गात सहसा विचारला गेला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. आपण शिकतो म्हणजे मेंदूत काय घडते, याचा काही भाग त्याच्या उत्तरात आहे. काही आजारांचे मूळही त्यात आहे. त्यांपैकी एक आजार असा आहे की, तो झालेल्या मुलीला घरची माणसे आधी कोठे नेतात यावर तिचे पुढचे आयुष्य पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून पालकांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आम्ही आरंभीच करतो.

संदेश आणि ग्राही

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. जेथे एक पेशी दुसरीला संदेश देते, त्या जागेला चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. आपण तिला चेतासंधी म्हणू. रासायनिक चेतासंधीत दोन पेशींमध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी या फटीच्या काही हजार पट भरेल.

अलीकडच्या पेशीतून विद्युत्-संदेश टोकापर्यंत आला की तेथील इवल्या पिशव्या उघडतात आणि त्यांतील रसायन फटीत सांडते. या रसायनाला चेतापारेषक म्हणतात. ग्लुटामेट हा चेतापारेषक पलीकडच्या पेशीला बहुधा चेतवितो. गाबा आणि ग्लायसिन हे तिला बहुधा शांत करतात. पलीकडच्या पेशीच्या पटलात रुतलेली काही प्रथिने या रसायनाला ओळखतात आणि त्याप्रमाणे आपले दार उघडतात. ही प्रथिने म्हणजे ग्राही. औषधाला किंवा रसायनाला ‘ग्रहण करणारा’ असा काही पदार्थ पेशीवर असला पाहिजे, ही कल्पना केंब्रिजचे जॉन लँग्ली यांनी १९०५ मध्ये मांडली होती. तेव्हा तो पदार्थ कोणी पाहिलेला नव्हता.

आता ग्राहीची जागा महत्त्वाची का, ते पाहू. ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले, त्यांना पंगतीचा अनुभव आहे. वाढणारा आमटीची पळी घेऊन येतो आणि ज्याच्या ताटावर ती पळी कलते, त्याचीच वाटी भरते. दोन हात दूर बसलेल्याला वास येईल, आमटी मिळणार नाही. चेतासंधीतही तसेच घडते. एका पिशवीतून ग्लुटामेटचे काही हजार रेणू बाहेर पडतात, क्षणार्धात पसरतात आणि विरळ होतात. ग्लुटामेटला तत्काळ उत्तर देणारे ‘आम्पा’ नावाचे ग्राही दाट ग्लुटामेट समोर आले तरच नीट उघडतात. म्हणून पिशवी जेथे उघडते, तिच्या समोरच ते दाटीने बसलेले असावे लागतात. पेशीकडे एकूण किती ग्राही आहेत यापेक्षा नेमक्या जागी किती आहेत, यावर संदेशाचा जोर ठरतो. आमच्या सर्व विवेचनाचा गाभा हाच आहे.

प्रवाही पटलाचे कोडे

ग्राही ज्या पटलात बसतात ते पटल भिंतीसारखे घट्ट असते, तर कोडे उरले नसते. परंतु सिंगर आणि निकल्सन यांनी १९७२ मध्ये पेशीपटलाचे जे चित्र मांडले आणि जे पुढे सर्वमान्य झाले, त्यात पटल हा स्निग्ध रेणूंचा दुहेरी, प्रवाही थर आहे. त्यात प्रथिने तरंगतात आणि सरकतात. मग चेतासंधीपाशी ग्राहींची दाटी आणि बाहेर विरळपणा, हा भेद टिकतो कसा? पाण्यात टाकलेली शाईसुद्धा थोड्या वेळात सर्वत्र पसरते. ग्राही का पसरत नाहीत?

याचे पहिले उत्तर मेंदूत मिळाले नाही. ते स्नायूवर मिळाले. मेंदूतील चेतासंधी अत्यंत सूक्ष्म आणि गर्दीत दडलेल्या असतात. चेतातंतू स्नायूला जेथे भिडतो, ती संधी मात्र मोठी आणि सुटी असते, म्हणून अभ्यासाला सोयीची. तेथे चेतापारेषक असतो ॲसिटिलकोलिन.

स्नायूवरील पहिला धडा

१९५९ मध्ये ॲक्सेलसन आणि थेस्लेफ यांनी मांजराच्या स्नायूवर एक प्रयोग केला. एरवी स्नायुतंतू केवळ संधीच्या जागीच ॲसिटिलकोलिनला तीव्र प्रतिसाद देतो. परंतु चेतातंतू तोडल्यावर काही दिवसांत तोच स्नायुतंतू आपल्या सर्व लांबीवर प्रतिसाद देऊ लागला. याचा अर्थ असा की, ग्राहींना एका जागी राखण्यात चेतातंतूचा हात आहे. तो गेला की ती शिस्त मोडते.

ग्राही प्रत्यक्ष मोजण्याचे साधन सापाच्या विषातून मिळाले. तैवानमध्ये आढळणारा एक पट्टेरी साप आपल्याकडच्या मण्यारीच्याच कुळातला आहे. त्याच्या विषातून चँग आणि ली या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये एक घटक वेगळा केला. हा घटक स्नायूवरील ॲसिटिलकोलिन-ग्राहीला असा चिकटतो की सहसा सुटत नाही. त्याला किरणोत्सारी किंवा चमकणारी खूण जोडली की ग्राही कोठे आणि किती आहेत, हे दिसते. तेव्हा आढळले की, संधीच्या जागी एका चौरस मायक्रोमीटरमध्ये सुमारे १०,००० ग्राही असतात, तर थोड्या अंतरावर ही संख्या हजार पटीने किंवा त्याहूनही अधिक घटते.

१९७७ मध्ये अँडरसन आणि कोहेन यांनी बेडकाच्या स्नायुपेशी काचेच्या बशीत वाढविल्या आणि त्यांच्यावरील ग्राहींना हीच चमकणारी खूण जोडली. मग शेजारी चेतापेशी वाढू दिल्या. जेथे चेतातंतू स्नायूला भिडला, तेथे आधीपासून विखुरलेले, खूण लावलेले ग्राही येऊन जमले. पटलाच्या प्रवाहीपणाचा येथे उपयोगच झाला, कारण ग्राही सरकू शकत होते म्हणूनच ते जमू शकले.

त्यांना जमण्याची हाक कोण देतो? स्टॅनफर्डमधील मॅकमहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेचा धक्का देणाऱ्या टॉर्पेडो माशाच्या विद्युत्-अवयवातून असे एक प्रथिन वेगळे केले. ‘जमविणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘ॲग्रिन’ हे नाव दिले. चेतातंतू ॲग्रिन सोडतो. स्नायूच्या पटलावरील प्रथिने ती हाक ऐकतात. आणि पटलाच्या आतल्या बाजूचे ‘रॅप्सिन’ हे प्रथिन ग्राहींना एकत्र बांधून ठेवते. हाक देणारा, ऐकणारा आणि बांधणारा, अशी ही तीन पदरी व्यवस्था आहे.

मेंदूतील पूल आणि परांच्या

मेंदू आणि मेरुरज्जू यांत बांधणारी प्रथिने निराळी आहेत. त्यांतील पहिल्याचा शोध एका विषारी बीमुळे लागला. काजरा किंवा कुचला हे झाड कोकणात आणि सह्याद्रीच्या जंगलात अनेकांच्या परिचयाचे आहे. त्याच्या बियांत स्ट्रिक्निन हे जहाल विष असते. ते ग्लायसिनच्या ग्राहींना अडविते. त्यामुळे मेरुरज्जूतील आवर घालणारा संदेश थांबतो आणि स्नायूंना भयंकर झटके येतात. विष ग्राहीला घट्ट धरते, या गुणाचा उपयोग करून जर्मनीतील हाइनरिश बेट्झ यांच्या गटाने १९८२ मध्ये मेरुरज्जूतून ग्लायसिन-ग्राही शुद्ध केला. त्याच्याबरोबर आणखी एक प्रथिन दरवेळी चिकटून येत होते. ते ग्राहीला आतून धरून ठेवणारे आणि पेशीच्या सांगाड्याशी जोडणारे निघाले. ‘पूल’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘गेफिरिन’ म्हणतात. पुढे गाबाच्या अनेक ग्राहींच्या पुंजक्यांतही ते आढळले.

गेफिरिन नसेल तर काय होते, हे १९९८ मध्ये उंदरांवर पाहण्यात आले. ज्या पिलांमध्ये हे प्रथिन बनतच नव्हते, त्यांच्या चेतासंधींवर ग्लायसिन-ग्राहींचे पुंजके नव्हते. ती पिले जन्मानंतर दिवसभरातच दगावली. गेफिरिनला मॉलिब्डेनमशी संबंधित दुसरेही एक जीवनावश्यक काम असते, म्हणून मृत्यूचा सगळा भार पुंजक्यांवर टाकता येत नाही. तरीही त्या पिलांच्या शरीराचा ताठरपणा स्ट्रिक्निनच्या विषबाधेची आठवण करून देणारा होता.

ग्लुटामेटच्या संधींवर व्यवस्था आणखी दाट आहे. तेथे पटलाच्या आतल्या बाजूला प्रथिनांची एक जाड गादीच असते. तिच्यातील मुख्य प्रथिन ‘पीएसडी-९५’ १९९२ मध्ये ओळखले गेले. इमारत बांधताना बांबूंची परांची उभारतात, त्याप्रमाणे हे प्रथिन ग्राहींना आणि त्यांच्या मदतनीस रेणूंना जागोजाग आधार देते. अतिसूक्ष्मदर्शनाच्या नव्या पद्धतींनी २०१३ च्या सुमारास असे दिसले की, एका चेतासंधीतही आम्पा-ग्राही सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. सुमारे ७० ते ८० नॅनोमीटर रुंदीच्या लहान पुंजक्यांत ते वीस-वीसच्या आसपास संख्येने बसतात. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका गटाने दाखविले की, अलीकडच्या काठावर पिशव्या उघडण्याच्या जागा आणि पलीकडचे हे पुंजके एकमेकांसमोर, जणू ओळंबा लावून, जुळविलेले असतात. पंगतीत वाढणारा आणि ताट समोरासमोर येतात, तसेच हे.

बाजार भरतो, माणसे बदलतात

येथपर्यंत वाचून पुंजका म्हणजे खिळ्यांनी ठोकलेली पाटी, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. पॅरिसमधील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एकेका ग्लायसिन-ग्राहीला चमकणारा सूक्ष्म कण जोडला आणि जिवंत पेशीवर त्याचा माग काढला. ग्राही संधीच्या बाहेर मोकळेपणाने भटकत होता, संधीत शिरल्यावर मंदावत होता आणि काही वेळाने पुन्हा बाहेर पडत होता. आम्पा-ग्राहींचेही असेच असल्याचे बोर्दो येथील दानिएल शोके यांच्या गटाने दाखविले आहे.

गावच्या आठवडी बाजाराची येथे आठवण होते. सकाळी आलेला माणूस दुपारी नसतो, त्याच्या जागी दुसरा असतो; तरी बाजार बाजारच राहतो. पुंजका टिकतो तो त्यातील प्रत्येक ग्राही अचल असल्यामुळे नव्हे, तर येणारे आणि जाणारे यांचा तोल राखला जात असल्यामुळे. प्रवाही पटलाच्या कोड्याचे उत्तर असे मिळते. ग्राही पसरू पाहतात. परांची त्यांना काही काळ अडवून धरते.

शिक्षणाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात असे पाहिले की, एखाद्या वाटेवरून जलद आणि वारंवार संदेश पाठविले तर त्या वाटेवरील चेतासंधी अनेक तास अधिक जोराने उत्तर देतात. पुढच्या संशोधनात कळले की, या वाढलेल्या जोरामागील एक मुख्य कारण म्हणजे त्या संधींवर अधिक आम्पा-ग्राही येऊन थांबणे. २०१७ मध्ये बोर्दोच्या गटाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींवरचे आम्पा-ग्राही प्रतिपिंडांनी एकमेकांना जखडून टाकले. ग्राही होते, संदेशही जात होता. फक्त त्यांचे सरकणे बंद झाले होते. तेवढ्याने संधीचा जोर वाढणे थांबले आणि ज्या जागी भीतीचा अनुभव आला ती जागा लक्षात ठेवण्याची उंदरांची क्षमताही खालावली.

यावरून पाठांतराची एखादी युक्ती सांगण्याचा आमचा हेतू नाही. उंदराच्या मेंदूवरून थेट परीक्षेच्या गुणांकडे उडी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु एक गोष्ट निश्चित म्हणता येते. मेंदूतील जोडण्या जन्मतःच कायमच्या ठरलेल्या नसतात; वापराप्रमाणे त्यांचा जोर बदलतो. ‘हे पोर मठ्ठच आहे’ असा शिक्का लहान वयात मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुंजका विस्कटतो तेव्हा

ज्या व्यवस्थेवर इतके अवलंबून आहे ती बिघडली तर आजार होणारच. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्नायूवरील ॲसिटिलकोलिन-ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ग्राही घटतात. पापण्या मिटू लागतात, घास गिळता येत नाही, दिवस सरता सरता अंगातली शक्ती जाते. काही रुग्णांत प्रतिपिंडे ग्राहींवर हल्ला करीत नाहीत. ॲग्रिनची हाक पुढे पोहोचविणाऱ्या ‘मस्क’ या प्रथिनावर करतात, हे २००१ मध्ये उघड झाले. तेथे पुंजका बांधण्याचे कामच मोडते.

मेंदूतील अशाच एका आजाराचे कारण २००७ मध्ये होसेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. त्यात ग्लुटामेटच्या ‘एनएमडीए’ या ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती ग्राहींना जोडीजोडीने बांधतात, संधीवरून हटवितात आणि पेशी त्यांना आत ओढून घेते. पेशी मरत नाही; तिच्या पटलावरील पंगत मात्र उठते. रुग्ण बहुधा तरुण मुली आणि स्त्रिया असतात. काहींच्या अंडाशयात एक गाठ असते आणि तीच या सगळ्याला निमित्त होते. आरंभी ताप, डोकेदुखी. मग काही दिवसांतच झोप उडते, मुलगी असंबद्ध बोलते, घाबरते, कोणी दिसत असल्याचे सांगते, ओरडते. पुढे झटके येतात, तोंडाच्या आणि हातांच्या विचित्र हालचाली होतात, बोलणे थांबते. कधी श्वासही मंदावतो.

ही लक्षणे वाचताना आपल्या गावाकडच्या वाचकांच्या मनात कोणता शब्द आला असेल, हे सांगण्याची गरज नाही. ‘बाहेरचे लागले’, ‘अंगात आले’ असे म्हणून अशा मुलीला अंगारे लावले जातात, बांधून ठेवले जाते, मारही दिला जातो. शहरातल्या सुशिक्षित घरांतही ‘नाटक करते आहे’ असे म्हणणारे भेटतात. दोन्ही ठिकाणी जातो तो वेळ, आणि या आजारात वेळच मोलाचा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५७७ रुग्ण होते. त्यांपैकी २११ अठरा वर्षांखालील होते. ज्या ५०१ जणांची पुढची हकीकत हाती होती, त्यांपैकी ३९४ जण पहिल्या दोन वर्षांत चांगले सावरले. उपचार जितके लवकर सुरू झाले तितकी सावरण्याची शक्यता अधिक होती. स्टेरॉइड, प्रतिपिंडे कमी करणारे उपचार आणि गाठ असल्यास ती काढणे, अशी ही चिकित्सा आहे. प्रतिपिंडे हटली की ग्राही हळूहळू पुन्हा संधीवर येतात.

योगायोग असा की, त्याच २०१३ या वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा त्यात गुन्हा ठरविला आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. या लेखात मण्यारीचे कूळ आले ते शास्त्राच्या ओघात. पण मण्यार आपल्या शेतात आणि घरातही येते. तिचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि अनेकदा जाणवतही नाही. तिच्या विषाने चेतातंतू आणि स्नायू यांच्यातील संदेश तुटतो. पापण्या जड होतात आणि पुढे श्वास थांबू शकतो. तेथे उपयोग होतो तो प्रतिविषाचा आणि कृत्रिम श्वासाच्या यंत्राचा. सर्पदंश आणि ‘अंगात येणे’ या दोन गोष्टी कायद्याने एकाच सूचीत ठेवल्या आहेत. पेशीच्या काठावर पाहिले तर दोन्हींत तुटतो तो एका पेशीकडून दुसरीकडे जाणारा संदेशच.

समारोप

आमची माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढीच विनंती आहे. घरात, शेजारी किंवा वसतिगृहात एखादी शहाणी मुलगी काही दिवसांतच ओळखू न येण्याइतकी बदलली, तिला ताप येऊन गेला असेल, झोप लागत नसेल, झटके येत असतील, तर तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यावे. मनोविकाराचे औषध चालू असूनही झटके, ताप किंवा विचित्र हालचाली दिसल्या, तर ‘प्रतिपिंडांची तपासणी करावी का?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. तपासणीअंती दुसरेच काही निघाले तरी विचारण्यात काही हानी नाही.

आणि या शाळेत आज जे विद्यार्थी चेतासंधीचे चित्र काढत असतील, त्यांनी पलीकडच्या काठावरच्या त्या खुणा काढताना क्षणभर थांबावे. त्या खुणा तेथे आपोआप आलेल्या नाहीत. त्यांना कोणी हाक दिली आहे, कोणी धरून ठेवले आहे, आणि आपण हे वाक्य वाचून संपवीपर्यंत त्यांतील काही निघून गेल्या असतील व त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या असतील.